'पर्सन' म्हणजे कोण?

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला सर्वनामें शिकवीत असतां आम्हीं एकदां फळ्यावर तीन पुरुष मांडले. 'आय' हा प्रथम पुरुष, 'यू' हा द्वितीय पुरुष आणि 'ही', 'शी', 'इट' हे तृतीय पुरुष. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "सर, 'शी' म्हणजे ती. मग ती 'पुरुष' कशी?" सर्व वर्ग हंसला. आम्हांसहि हंसूं आवरलें नाहीं. इंग्रजींतील 'पर्सन' या शब्दास व्याकरणांत आपण 'पुरुष' म्हणतों, त्याचा तेथें स्त्रीपुरुषभेदाशीं संबंध नाहीं, असें आम्हीं तिला समजावून सांगितलें आणि मुलगी खालीं बसली. परंतु तास संपल्यावर आमच्या मनांत आलें कीं, तिचा प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. स्त्री ही 'पर्सन' या शब्दांत मोडते कीं नाहीं, याच प्रश्नाचा खल मोठमोठ्या न्यायालयांत विद्वान् न्यायाधीशांनीं केला आहे, आणि त्याचें उत्तर अनेकदां 'नाहीं' असें दिलें आहे. तो वृत्तान्त आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस कळावा, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

प्रथम शब्दाचें मूळ पाहूं. 'पर्सन' हा शब्द 'पर्सोना' या लॅटिन शब्दापासून निघाला आहे. प्राचीन रोमन नाटकांत नट तोंडावर जो मुखवटा चढवीत, त्यास 'पर्सोना' म्हणत. पुढें मुखवट्यावरून नटाची भूमिका, आणि भूमिकेवरून मनुष्य समाजांत ज्या नात्यानें वावरतो तें नातें, असा या शब्दाचा अर्थ सरकत गेला. हळूहळू तो कायद्याच्या भाषेंत शिरला. न्यायाच्या रंगभूमीवर स्वतःच्या नांवानें जो उभा राहूं शकतो, ज्याचे हक्क व ज्याचीं कर्तव्यें न्यायासन ओळखतें, तो 'पर्सन', असा त्याचा अर्थ स्थिरावला. त्या काळच्या रोमन समाजांत गुलामास बाजारांत विकतां येत असे. त्याच्या ठायीं प्राण होता, वाचा होती, बुद्धि होती. परंतु इतर नागरिकांप्रमाणें स्वतःच्या नांवानें दाद मागण्याचा अधिकार त्यास नव्हता. म्हणजे मनुष्य असणें ही एक गोष्ट आणि कायद्यानें मनुष्य म्हणून ओळखलें जाणें ही दुसरी गोष्ट. या दोहोंमधील अंतर फार जुनें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व हकीकत त्या अंतराचीच आहे.

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतहि हा शब्द आपणांस भेटतो. कार्थेज शहरच्या टर्टुलियन या लेखकानें पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याविषयीं लिहितांना तिसऱ्या शतकाच्या आरंभीं 'पर्सोना' हाच शब्द योजिला, आणि पाश्चात्य मंडळीच्या त्र्यैक्याच्या सिद्धान्तांत तो कायमचा रुजला. इंग्लंडांतील खेड्याच्या धर्मोपदेशकास 'पार्सन' म्हणतात, तोहि याच शब्दाचा सख्खा भाऊ होय. कारण त्या गांवच्या मंडळीचे हक्क राखण्यासाठीं कायद्यापुढें उभा राहणारा तोच. आपण मराठींत 'व्यक्ति' हा शब्द वापरतों. तो संस्कृत असून 'व्यक्त होणें', म्हणजे प्रगट होणें, या कल्पनेवरून आला आहे. लॅटिन शब्दांत तोंड झांकण्याची कल्पना आहे, तर आपल्या शब्दांत उघड होण्याची आहे. शिवाय मौज अशी कीं, मराठींत 'व्यक्ति' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. राजा असो वा रंक असो, आपण त्यास 'ती व्यक्ति' असेंच म्हणतों!

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या देशांत १८९७ सालचा 'जनरल क्लॉजेस ॲक्ट' नांवाचा एक कायदा आहे. त्यास कायद्यांचा कोश म्हटलें तरी चालेल. कारण इतर कायद्यांत वारंवार येणाऱ्या शब्दांचे अर्थ त्यांत दिलेले आहेत. त्यांत असें म्हटलें आहे कीं, 'पर्सन' या शब्दांत कोणतीहि कंपनी, संघ किंवा अनेक माणसांचा समूह यांचा समावेश होतो; मग तो समूह कायद्यानें प्रस्थापित झालेला असो वा नसो. येथें 'समावेश होतो' या शब्दांकडे लक्ष द्यावें. कायद्यांत एखाद्या शब्दाचा अर्थ सांगण्याच्या दोन रीति असतात. 'म्हणजे' असें म्हटलें तर सभोंवार कुंपण पडतें. त्याबाहेरचें कांहीं आंत येत नाहीं. 'समावेश होतो' असें म्हटलें तर मूळचा अर्थ कायम राहून त्यांत आणखी भर पडते. म्हणून माणूस हा तर 'पर्सन' आहेच. शिवाय कंपनीहि 'पर्सन' आहे.

कंपनी ही व्यक्ति कशी, असें कोणीहि विचारील. तिला ना हात ना पाय, ना भूक ना तहान. याचें उत्तर लंडनच्या एका चर्मकार व्यापाऱ्याच्या खटल्यांत मिळतें. अ‍ॅरन सॉलोमन हा व्हाइटचॅपल भागांत बूट तयार करण्याचा धंदा करीत असे. १८९२ सालीं त्यानें तो धंदा एका कंपनीच्या स्वाधीन केला. कंपनीचे भागीदार सात: तो स्वतः, त्याची बायको, एक मुलगी व चार मुलगे. घरच्या सहा जणांकडे प्रत्येकीं एकच भाग होता. बाकीचे २०,००१ भाग सॉलोमनच्या नांवावर. पुढें धंदा बुडाला आणि सावकारांचे पैसे अडकले. तेव्हां, ही कंपनी म्हणजे सॉलोमनच दुसऱ्या नांवानें वावरत होता, तरी त्याच्याच खिशांतून कर्ज वसूल करावें, असा वाद घालण्यांत आला. खालच्या न्यायालयांस तो पटला. परंतु इंग्लंडांतील त्या काळचें सर्वोच्च न्यायासन जें हाउस ऑफ लॉर्ड्स, त्यानें १८९६ च्या नोव्हेंबरांत निकाल फिरविला. कंपनी कायद्याप्रमाणें नोंदली गेली त्या क्षणीं एक नवी व्यक्ति जन्मास आली. तिचें कर्ज तें तिचें, सॉलोमनचें नव्हे, असें त्यांनीं ठरविलें. आज जगांतील व्यापाराचा केवढा तरी भार या एका तत्त्वावर उभा आहे. भागीदार मरतात, बदलतात, कंपनी राहते. तिला जमीन घेतां येते, करार करतां येतो, दावा लावतां येतो, दंडहि होतो. मात्र तिला तुरुंगांत घालतां येत नाहीं आणि तिला मत देण्याचा हक्क नाहीं.

विद्यापीठाचेंहि तसेंच. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालच्या कायद्यानें झाली. त्या कायद्यानें विद्यापीठास अखंड परंपरा व स्वतःची मुद्रा दिली, आणि त्याच्या नांवानें दावा लावतां यावा व त्याच्यावरहि लावतां यावा असें ठरविलें. कुलगुरु येतात, जातात. विद्यापीठ या नांवाची व्यक्ति तीच.

याहूनहि नवल वाटेल अशी गोष्ट आपल्याच देशांत घडली. कलकत्त्याच्या एका कुटुंबांत कुलदैवताची मूर्ति कोणाच्या घरीं केव्हां असावी यावरून भाऊबंदकी माजली. खटला प्रिव्ही कौन्सिलापर्यंत, म्हणजे त्या काळीं हिंदुस्थानचें जें शेवटचें न्यायासन लंडनांत होतें तेथवर, गेला. १९२५ सालीं त्या न्यायासनानें असें ठरविलें कीं, हिंदु मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति आहे. ती खुर्चीपलंगासारखी उचलून न्यावयाची वस्तु नव्हे. आणि तिच्या वतीनें बोलण्यासाठीं, भांडणाऱ्यांपैकीं कोणी नव्हे, असा एक निःस्वार्थ मनुष्य न्यायालयानें नेमावा. अज्ञान मुलाच्या वतीनें त्याचा पालक जसा न्यायालयांत उभा राहतो, तसाच हा प्रकार. पुढें २००० सालीं आपल्या सुप्रीम कोर्टानें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबासहि कायद्यानें व्यक्ति मानलें. आमच्या उपासनेचा मार्ग निराळा आहे. परंतु भक्तांनीं ज्या हेतूनें दान दिलें तो हेतु कोणा एकाच्या लोभामुळें बुडूं नये, हें या निकालांमागील तत्त्व कोणत्याहि धर्माच्या मनुष्यास मान्य होईल.

नद्यांचीहि पाळी आली आहे. न्यूझीलंड देशांत १९१७ नव्हे तर अगदीं अलीकडे, २०१७ सालीं, व्हांगानुई नदीस कायद्यानें व्यक्तित्व दिलें गेलें. ती नदी आपली पूर्वज आहे असें तेथील माओरी लोक मानतात, आणि तिच्यासाठीं त्यांनीं शंभराहून अधिक वर्षें झगडा केला होता. त्याच वर्षीं उत्तराखंडच्या हायकोर्टानें गंगा व यमुना या नद्यांस व्यक्ति ठरविलें. परंतु पूर आला तर नुकसानभरपाई कोणीं द्यावयाची, यांसारखे प्रश्न उपस्थित झाले आणि कांहीं महिन्यांतच सुप्रीम कोर्टानें त्या निकालास स्थगिति दिली.

येथवर वाचून बालवाचकांची करमणूक झाली असेल. कंपनी ही व्यक्ति, मूर्ति ही व्यक्ति, नदीसुद्धां व्यक्ति! परंतु आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. निर्जीवास व्यक्ति मानण्याइतका जो कायदा उदार, त्यानेंच कित्येक जित्याजागत्या माणसांस 'तुम्ही व्यक्ति नव्हे' असें म्हणून दाराबाहेर उभें केलें.

अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतीं नायोब्रारा नदीच्या कांठीं पाँका नांवाची मूळ रहिवाशांची जमात राहत असे. १८७७ सालीं सरकारनें तिला तेथून उठवून दूर दक्षिणेस नेलें. त्या परक्या मुलखांत रोगराईनें पुष्कळ माणसें दगावलीं. त्यांचा एक प्रमुख होता, त्याचें नांव स्टँडिंग बेअर. त्याचा मुलगाहि तेथें मरण पावला. मरतांना त्यानें बापाजवळ एकच मागणें मागितलें: माझीं हाडें आपल्या जुन्या भूमींत पुरा. १८७९ च्या जानेवारींत, ऐन थंडींत, बाप सुमारें तीस माणसें बरोबर घेऊन मुलाच्या अस्थींसह उत्तरेकडे निघाला. नेमून दिलेली जागा परवानगीवांचून सोडली म्हणून त्यास लष्करानें पकडलें. तेव्हां एका वृत्तपत्रकारानें त्याची हकीकत जगापुढें मांडली आणि दोन वकिलांनीं कांहीं मोबदला न घेतां त्याच्यासाठीं अर्ज केला कीं, यास अन्यायानें डांबलें आहे, सोडून द्यावें.

सरकारी वकिलाचें म्हणणें असें पडलें कीं, असा अर्ज 'पर्सन'ला करतां येतो, आणि इंडियन मनुष्य कायद्याच्या अर्थानें 'पर्सन' नाहीं. स्टँडिंग बेअर न्यायालयांत उभा राहिला. त्यानें आपला हात पुढें केला आणि सांगितलें कीं, या हाताचा रंग तुमच्या हातासारखा नाहीं. परंतु तो टोंचला तर मलाहि वेदना होतील, रक्त निघेल तें तुमच्याच रक्ताच्या रंगाचें असेल, आणि आपणां दोघांसहि एकाच देवानें निर्माण केलें आहे. न्यायाधीश डंडी यांनीं काय केलें असेल? त्यांनीं वेब्स्टरचा शब्दकोश पाहिला! आमच्या विद्यार्थ्यांस कोश उघडण्याचा कंटाळा येतो, त्यांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. कोशांत 'पर्सन' या शब्दाचा जो अर्थ दिला होता, त्यांत इंडियन मनुष्य सहजच बसत होता. १२ मे १८७९ रोजीं निकाल झाला: इंडियन हा 'पर्सन' आहे, त्यास न्याय मागण्याचा अधिकार आहे, त्यास सोडून द्यावें. बापानें मुलाच्या अस्थि नायोब्राराच्या कांठीं नेऊन पुरल्या. एका शब्दाचा अर्थ निराळा लागता, तर तें शेवटचें मागणें पुरें झालें नसतें.

आतां आमच्या वर्गांतील मुलीच्या प्रश्नाकडे येतों. १८६० सालच्या इंडियन पीनल कोडांत असें स्पष्ट म्हटलें होतें कीं, 'तो' हें सर्वनाम पुरुषासाठीं असो वा स्त्रीसाठीं असो, कोणत्याहि व्यक्तीसाठीं योजिलें आहे. म्हणून चोरी केली तर शिक्षा पुरुषास होई तशी स्त्रीसहि होई. शिक्षेच्या वेळीं 'मी व्यक्ति नव्हें' असें म्हणून कोणी स्त्री सुटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु हक्काची गोष्ट निघाली कीं त्याच शब्दाचा अर्थ अरुंद होई. इंग्लंडांत १९१३ सालीं ग्वेनेथ बेब या विदुषीनें सॉलिसिटरची परीक्षा देण्याची परवानगी मागितली. कायद्यांत 'पर्सन' असाच शब्द होता. न्यायालयानें म्हटलें कीं, या शब्दांत स्त्री येत नाहीं, कारण पूर्वीं कधीं कोणी स्त्री या धंद्यांत नव्हती. पूर्वीं येऊं दिलें नाहीं म्हणून आतांहि येऊं द्यावयाचें नाहीं, असा हा न्याय!

आपल्या महाराष्ट्राच्या वाचकांस या प्रकरणीं विशेष अभिमान वाटावा असें एक नांव आहे. कॉर्नेलिया सोराबजी या बाईंचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी घराण्यांतून ख्रिस्ती झालेले मिशनरी होते, आणि आईनें पुण्यास शाळा चालविल्या. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री झाल्या. परीक्षेंत त्यांनीं जें यश मिळविलें, त्यामुळें विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांस मिळावयाची; परंतु स्त्री म्हणून ती नाकारण्यांत आली. तरी हितचिंतकांच्या साहाय्यानें त्या १८८९ सालीं ऑक्सफर्डास गेल्या आणि १८९२ सालीं तेथील कायद्याच्या उच्च परीक्षेस बसल्या. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तथापि ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळीं स्त्रियांस पदवी देत नसे. ती त्यांच्या हातीं पडावयास १९२२ साल उजाडलें. तीस वर्षें!

स्वदेशीं परतल्यावर त्यांस वकिलीची सनद मिळेना. परंतु त्या वेळच्या फौजदारी कायद्यांत एक लहानशी फट होती. न्यायालयाच्या परवानगीनें वकिलाखेरीज 'अन्य पर्सन' यासहि आरोपीची बाजू मांडतां येत असे. १८९६ सालीं पुण्याच्या न्यायालयांत त्या खुनाच्या एका खटल्यांत आरोपीतर्फें उभ्या राहिल्या. पुढें त्यांनीं मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. ही पदवी मिळविली, अलाहाबादेस वकिलीची परीक्षाहि दिली. तरी सनद नाहींच. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें त्यांनीं पडदानशीन विधवा व अनाथ मुलें यांच्या मालमत्तेचें रक्षण करण्याचें काम अनेक वर्षें केलें. पडद्याआडच्या त्या बायांस परक्या पुरुष वकिलाशीं बोलतां येत नसे. त्यामुळें कोणीहि कारभारी त्यांस लुबाडी. कॉर्नेलियाबाईंच्या रूपानें त्यांस प्रथमच आपलें गाऱ्हाणें सांगावयास कोणी मिळालें.

१९१६ सालीं रेजिना गुहा या एम. ए., बी. एल. झालेल्या स्त्रीनें कलकत्त्याकडे वकिलीच्या सनदेसाठीं अर्ज केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगहि येतें, असा नियम आपल्या जनरल क्लॉजेस ॲक्टांत असतांहि हायकोर्टाच्या पांच न्यायाधीशांनीं अर्ज नामंजूर केला. १९२१ सालीं पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांसहि तेंच उत्तर मिळालें. मात्र त्याच वर्षीं अलाहाबादच्या हायकोर्टानें कॉर्नेलियाबाईंचें नांव वकिलांच्या यादींत घातलें. तेव्हां एकाच देशांत, एकाच वर्षीं, स्त्री ही अलाहाबादेस वकिलीला योग्य व्यक्ति होती आणि पाटण्यास नव्हती! हा घोळ १९२३ सालच्या कायद्यानें मिटला. केवळ स्त्री आहे एवढ्याच कारणावरून कोणासहि वकिलीस अपात्र ठरवूं नये, असें त्यांत लिहिलें गेलें.

याच सुमारास कॅनडांत पांच स्त्रियांनीं हा प्रश्न थेट धसास लावला. एमिली मर्फी यांस १९१६ सालीं एडमंटन शहरांत मॅजिस्ट्रेट नेमलें, तेव्हां एका वकिलानें त्यांच्या तोंडावर हरकत घेतली कीं, स्त्री ही 'पर्सन' नसल्यामुळें आपणांस या खुर्चीवर बसण्याचा अधिकार नाहीं. पुढें त्या देशाच्या सिनेटवर स्त्रीस नेमतां येईल काय, असा प्रश्न निघाला. १८६७ च्या मूळ कायद्यांत 'योग्य पर्सन्स' यांस नेमावें असें होतें. एमिली मर्फी यांनीं नेली मॅक्लंग, लुईज मॅकिनी, आयरीन पार्ल्बी व हेन्रिएटा म्यूर एडवर्ड्स या चौघींस बरोबर घेऊन न्याय मागितला. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानें १९२८ सालीं 'नाहीं' म्हटलें. त्यांनीं प्रिव्ही कौन्सिलाकडे धांव घेतली. मूर्तीस चार वर्षांपूर्वीं व्यक्ति ठरविणारें न्यायासन तें हेंच. १८ ऑक्टोबर १९२९ रोजीं लॉर्ड सँकी यांनीं निकाल वाचला: 'पर्सन' या शब्दांत स्त्रिया येतात. या शब्दांत स्त्रियांचा समावेश कां करावा, असें विचारणाऱ्यास उलट विचारावें कीं, कां करूं नये? राज्यघटना ही जिवंत झाडासारखी आहे, ती आपल्या मर्यादेंत वाढतच राहणार, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुसऱ्याच वर्षीं केरीन विल्सन या पहिल्या स्त्रीची सिनेटवर नेमणूक झाली. एमिली मर्फी मात्र १९३३ सालीं वारल्या. ती खुर्ची त्यांस कधींच मिळाली नाहीं. लावणाऱ्याच्या वांट्यास फळ येतेंच असें नाहीं, हें झाड लावणाऱ्यास ठाऊक असतें.

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आली. ती वाचतांना एक गोष्ट सूक्ष्मपणें पाहण्याजोगी आहे. भाषणस्वातंत्र्य, संघ स्थापण्याचें स्वातंत्र्य इत्यादि १९ व्या कलमांतील हक्क 'नागरिकांस' दिले आहेत. परंतु १४ व्या कलमांतील कायद्यापुढील समानता आणि २१ व्या कलमांतील जीविताचें रक्षण हीं 'पर्सन'ला, म्हणजे कोणत्याहि व्यक्तीस, दिलीं आहेत. हा फरक चुकून झालेला नाहीं. १९६३ सालीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, सरकारी व्यापारी कंपनी ही व्यक्ति असली तरी नागरिक नव्हे, म्हणून १९ व्या कलमाचे हक्क तिला मागतां येत नाहींत. उलट १९९६ सालीं, पूर्व पाकिस्तानांतून येऊन अरुणाचल प्रदेशांत राहिलेल्या चकमा निर्वासितांस जिवाची भीति पडली, तेव्हां त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, ते नागरिक असोत वा नसोत, व्यक्ति आहेत. त्यांच्या जीविताचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्य आहे. ज्याच्याजवळ दाखला नाहीं, घर नाहीं, त्याच्याजवळहि हा एक शब्द शिल्लक राहतो. १८६० च्या पीनल कोडाची जागा १ जुलै २०२४ पासून 'भारतीय न्याय संहिता' या कायद्यानें घेतली. त्यांत 'तो' या सर्वनामाच्या अर्थांत पुरुष व स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथीयांचाहि उल्लेख आला आहे. शब्दाचें दार आणखी थोडें उघडलें.

या सर्व हकीकतींतून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? पहिलें हें कीं, लहान शब्दांस क्षुल्लक समजूं नये. आपण करारावर सही करतों, अर्ज भरतों, सूचना वाचतों, तेव्हां ओळखीच्या शब्दाचा अर्थ आपणांस ठाऊक आहे असें समजून पुढें जातों. कायद्याच्या कागदांत ओळखीचा शब्दच अधिक फसवितो. अनोळखी शब्द निदान कोश तरी उघडावयास लावतो. म्हणून प्रथम त्या कागदांत शब्दाचा अर्थ कोठें सांगितला आहे काय, तें पाहावें. दुसरें हें कीं, शब्दाचा अर्थ आपोआप रुंदावत नाहीं. स्टँडिंग बेअरनें हात पुढें केला, कॉर्नेलियाबाई त्या लहानशा फटींतून आंत शिरल्या, पांच स्त्रियांनीं समुद्रापलीकडे दाद मागितली, तेव्हां तो रुंदावला. आणि आईबापांस आमची एवढीच विनंति आहे कीं, घरांत शिक्षणाचा खर्च कोणावर करावा असा विचार निघतो, तेव्हां मुलगी ही त्या हिशेबांत व्यक्ति म्हणून धरली जाते कीं नाहीं, हें त्यांनीं आपल्या मनाशीं पाहावें. कायद्यानें आपलें उत्तर दिलें आहे. घराचें उत्तर अद्यापि घराघरांतून यावयाचें आहे.

शुभवर्तमानांत अशी गोष्ट आहे कीं, एका शास्त्र्यानें प्रभूस एका साध्या शब्दाचा अर्थ विचारला. शेजाऱ्यावर प्रीति करावी हें त्यास मान्य होतें; पण शेजारी म्हणावें कोणास, एवढीच त्याची शंका होती. कायदा जाणणाऱ्याचाच तो प्रश्न. कुंपण कोठवर आहे तें कळलें म्हणजे त्यापलीकडे प्रीति करावयास नको! प्रभूनें त्यास व्याख्या सांगितली नाहीं. वाटेवर अर्धमेला पडलेल्या एका मनुष्याची, त्यास पाहून बाजूनें निघून गेलेल्या दोन प्रतिष्ठितांची, आणि थांबलेल्या एका परक्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर त्या शास्त्र्यास आपल्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच तोंडानें द्यावें लागलें. कायद्याच्या कोशांत 'पर्सन' शब्दापुढें अजून कांहीं ओळी लिहावयाच्या राहिल्या असतील. त्या लिहिणारे कदाचित् आज आमच्याच शाळेच्या बाकांवर बसले असतील.

मागच्या बाकावरील त्या मुलीस आम्हीं त्या दिवशीं अर्धेंच उत्तर दिलें होतें. उरलेलें अर्धें उत्तर हें आहे.